आणि मित्रपरिवार

मला नफा झाला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मध्येच कुणीतरी मला थांबवून विचारणारच, की बाई, तुमचे पैसे बुडाले का? नाही बुडाले. घातले त्याच्या कितीतरी पट परत आले, वेळेवर आले, कुणाच्या दारात खेटे घालावे लागले नाहीत. नवरा म्हणतो, एवढ्या फायद्याच्या व्यवहारावर चिडणारी बाई त्याने दुसरी पाहिली नाही. सासूबाई म्हणतात, देवाने दिलंय तर गप बसावं. मी गप बसलेली नाही, आणि इतक्यात बसेन असंही दिसत नाही.

मी लोणावळ्याच्या बाजारात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. चिक्कीवाले, वडापाववाले, पावसाळ्यात रेनकोट आणि हिवाळ्यात स्वेटर विकणारे, यांच्याकडून रोज थोडे थोडे पैसे घ्यायचे, पावती द्यायची, संध्याकाळी भरणा करायचा आणि लोकल पकडून बेगडेवाडीला घरी यायचं. नवरा नवलाख उंबऱ्याला कारखान्यात आहे. त्याच्या पगाराचं आणि माझ्या कमिशनचं काय करायचं ते पहिल्यापासून मीच ठरवते. फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी, विमा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं माझ्या डोक्यात असतं. ‘तुला काय कळतंय पैशातलं’ असं आजवर मला कुणी म्हणालेलं नाही. म्हणायची हिंमतही नाही कुणाची.

मात्र आमच्या घरात एका खर्चावरून कायम कुरबुर होती. नवऱ्याने क्रिकेट बघायला भिंतभर टीव्ही घेतला, ती घरातली वस्तू झाली. आयपीएलच्या दिवसांत त्याचे मित्र रोज येतात, त्यांची भजी-कोल्ड्रिंक्स म्हणजे पाहुणचार. आणि मी वर्षातून पाच-सहा वेळा यात्रेला जाऊन बैलगाडा शर्यत बघते, तो मात्र ‘तुझा शौक’. जीपचं भाडं आणि एक प्लेट भेळ. एवढ्याचा शौक होतो?

बैलगाड्याचं वेड मला बापाने लावलं. आमचं माहेर पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून. बाप मला खांद्यावर घेऊन घाटावर न्यायचा. घाट म्हणजे आमच्याकडे शर्यतीची धाव, चढणीवर आखलेली. खाली चार बैल, बरेचदा चार वेगळ्या गोठ्यांतले, गाड्याला जुंपतात, पुढे घोडी उधळते, गाड्यावर हाकणारा कुणी नसतो, आणि ते चार जीव आपल्या मनाने वर सुटतात. डोळ्याची पापणी लवेपर्यंत बारी संपते. तेवढ्यासाठी माणसं सकाळपासून उन्हात उभी असतात आणि मी त्यांच्यातली एक आहे. बाकीच्या बायका लांब टेकाडावर, झाडाखाली बसतात. मला तिथून काही दिसत नाही. मी दोरीजवळ उभी राहते. धुरळा डोळ्यात जातो, कुणाचा तरी कोपर लागतो, आणि घोडी सुटली की माझ्या घशातून जो आवाज निघतो तो माझ्या ग्राहकांनी ऐकला तर ते पिग्मी बंद करतील.

मधली बंदीची वर्षं माझी फार वाईट गेली. बंदी उठली आणि धाकट्या भावाने एक खोंड हेरलं. अजून दात न पडलेलं, पण छाती अशी आणि कान असे, की मी बघितल्याबरोबर हात जोडले. त्याला एकट्याला ते झेपणारं नव्हतं. त्याचे दोन मित्र तयार झाले, एक टेम्पोवाला आणि एक जमिनींचे व्यवहार करणारा. चौथा वाटेकरी मिळेना. त्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी मला लागली होती. आधीच्या महिन्यात जिला लागली तिने बांगड्या केल्या. तिच्या आधीच्या बाईने फ्रिज घेतला. मी चार आणे वाटा घेतला, म्हणजे पाव बैल.

नवरा म्हणाला, “अगं, सोनं घेतलं असतंस तर वाढलं असतं.”

मी म्हणाले, “हेपण वाढेल, खोंड आहे.”

कागद केला नाही. आमच्याकडे जनावराचा वाटा कागदावर होत नाही. चौघांनी गोठ्यात भंडारा उचलायचा, एकमेकांच्या कपाळाला लावायचा, झालं. दिवसभर बाजारात पावत्या फाडणारी मी, भावाच्या हातून कपाळाला भंडारा लावून घेतला आणि खुशीत घरी आले. आपल्या रक्ताच्या भावाकडून पावती मागायची असते, हे मला कुठल्या पतसंस्थेने शिकवलं नव्हतं.

त्यानंतर दर सोमवारी माझी फेरी ठरलेली. कामशेतला उतरायचं, जीपने पवनानगर, तिथून पुढे मिळेल ते वाहन. पिशवीत खारीक आणि उडीद. महिन्याचा खुराकाचा माझा भाग एकदाही चुकला नाही. टेम्पोवाल्याचा चुकला, जमीनवाल्याचा तर कितीदा तरी. भाऊ म्हणायचा, “देतील गं ताई, मोटी मान्सं हायेत.” मोठ्या माणसांचं राहिलेलं कोण भरायचं? मी आणि तो. भाऊ बैलाला रोज धरणाच्या पाण्यात पोहायला न्यायचा. मी काठावर बसायचे. पाण्यातून बाहेर आला की तो अंग झटकायचा, मी भिजायचे आणि तसाच ओला पदर घेऊन परतीच्या जीपमध्ये बसायचे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, घाटावर ते अजून पुकारतात. पण माझा आवाज आला की तो मान वळवायचा आणि तोंड थेट पिशवीत घालायचा. मला फार आवडायचं ते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कुठल्याच वस्तूने माझ्याकडे असं बघितलेलं नाही.

आणि मग तो पळायला लागला.

त्याची पहिली मोठी बारी होती त्या दिवशी मी रजा टाकली. दोरीजवळ जागा धरली. लाउडस्पीकरवर पुकारणारा एकेका बैलाच्या मालकांची नावं घेत होता. आमचा बैल आला. भावाचं नाव घेतलं, टेम्पोवाल्याचं घेतलं, जमीनवाल्याचं घेतलं. पुकारणारा म्हणाला, “...आणि मित्रपरिवार!”

मित्रपरिवारात मी. पाव बैलाची मालकीण, आणि मित्रपरिवार! ज्या जमीनवाल्याने दिवाळीपासून खुराकाचा रुपया दिला नव्हता त्याचं नाव पार गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं. त्याच्या नावाआधी पुकारणाऱ्याने तीन विशेषणं लावली होती.

बैल पहिल्या नंबरात बसला. मी ओरडले, नाचले, गुलालात लाल झाले, सगळं केलं. आणि गर्दी पांगल्यावर भावाला बाजूला घेतलं.

“माझं नाव का नाही सांगितलं?”

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, नाटक नव्हतं. “ताई, घाटात बायकांचं नाव कुटं पुकारत्यात? लोकं हसतील.”

“हसू देत.”

“तसं नगं. दाजींचं नाव घालू का? मंग तर झालं?”

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण पुढच्या घाटावर खरंच माझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने आयुष्यात एकही बारी बघितलेली नाही. त्याला बैलाचा रंग माहीत नव्हता. त्याच संध्याकाळी त्याच्या कारखान्यातल्या लोकांचे फोन, अभिनंदन, पेढे काय, पार्टी काय. तो टीव्हीसमोर बसून सगळ्यांना सांगत होता, “अरे, आपलं असंच, आवड आहे आपली.” मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हातातलं पीठ मी परातीत असं आपटलं की सासूबाई उठून बघायला आल्या.

तेव्हाच भांडायला हवं होतं म्हणाल, तर भांडले. नवऱ्याशी भांडले, भावाशी फोनवर भांडले. दोघंही हसले. त्यांच्या दृष्टीने हा लाडाचा रुसवा होता, साडी घेतली की जाणारा.

पुढच्या हंगामात बैल घाटामागून घाट मारत गेला. त्याची किंमत कानावर यायला लागली. मी फक्त खारीक वाढवली.

मग एका सकाळी भावाचा फोन आला. “ताई, आज लवकर ये. वोवाळायचंय.”

मी समजले, कुठेतरी मोठा नंबर आला असणार. बाजारातल्या एकीला माझी त्या दिवसाची पिग्मी बघायला सांगितली आणि निघाले. अंगणात पोचले तर पिकअप उभी. आत गवत अंथरलेलं. खेडच्या बाजूचे एक म्हातारे आबा, त्यांची दोन माणसं, आणि आबांच्या हातात कोरं करकरीत दावं. नवीन दावं हातात घेऊन माणूस दुसऱ्याच्या गोठ्यात कशाला येतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी पिशवी खाली ठेवली.

“इकला?”

भाऊ म्हणाला, “काल ठरलं. लय चांगला भाव आलाय ताई. तुझं पैसं सांजच्यालाच दाजींच्या खात्यात टाकलं.”

त्याने ते असं सांगितलं, की आता मी त्याच्या पाठीवर थाप मारेन. टेम्पोवाला आणि जमीनवाला खाटेवर चहा पीत होते. त्या दोघांना विचारलं होतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा खातेनंबर विचारायला फोन केला होता. तो कामावर होता, ‘टाका’ म्हणाला आणि रात्रपाळी करून घरी येऊन झोपला. एक मी सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. आणि मला बोलावलं कशाला? ओवाळायला! बैल गोठ्यातून जाताना घरच्या बाईने कुंकू लावून, गूळ-पोळी भरवून त्याला वाट द्यायची असते. तेवढ्या कामाला मी लागत होते.

भावजयीने ताट आणून माझ्यासमोर धरलं. मी हात पुढे केला नाही.

भाऊ कुजबुजला, “ताई, मान्सं खोळंबल्यात.” मग बायकोला म्हणाला, “तूच लाव कुंकू.”

भावजय एरवी त्याच्यापुढे ब्र काढत नाही. ती म्हणाली, “वन्संनी लावल्याबिगर मी लावनार न्हाई. त्यांच्या वाट्याची खारीक खाल्लीया त्यानं.” आणि ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आबांना काय चाललंय ते कळेना. ते रीतीप्रमाणे पुढे आले. खण-नारळ काढला आणि विचारलं, “मालकीन कोन हितली?”

भाऊ बायकोकडे बघायला लागला. भावजयीने माझ्याकडे मान केली.

आबा माझ्याकडे वळले. हात जोडून म्हणाले, “मालकीन, देताय ना बैल?”

हे विचारायचंच असतं. उत्तरही ठरलेलं, ‘दिला, सुखानं न्या’. पण मी दोन वर्षं त्या एका प्रश्नासाठी झुरत होते आणि तो विचारला कुणी, तर दारात आलेल्या परक्या माणसाने! मला हुंदका आला आणि त्या हुंदक्याचाही राग आला.

मी म्हणाले, “आबा, यात माजा चार आनं वाटा हाये. मला कुनी इचारलंच न्हाई.” लोणावळ्यात मी अशी बोलत नाही. माहेरच्या अंगणात, रागात, आपोआप निघतं.

टेम्पोवाला खाटेवरून म्हणाला, “अवो, पैसं पोचल्यात की! बायामान्सांनी यवहारात कशाला पडायचं?”

“तुमचा खुराकाचा भाग दिवाळीपास्नं कोन भरतंय? बायामानूसच भरतंय न्हवं?” मी एवढ्या मोठ्याने बोलले की बैलाने मान वळवली. त्याला वाटलं पिशवी उघडली.

आबांनी हातातलं दावं खाली ठेवलं आणि पिकअपच्या फळीवर बसले. म्हणाले, “मालकीन राजी न्हाई, तर मी न्हेनार न्हाई. नाराजीचा बैल गोठ्याला लाभत न्हाई. पैसं माघारी करा.”

तेव्हा कुठे तिघांचे चेहरे उतरले. चहाचे कप खाली आले. माझ्या शब्दाला जी किंमत नव्हती ती माझ्या कुंकवाला होती! पाव बैलाच्या मालकिणीला डावलता येत होतं, पण ओवाळणाऱ्या बाईला डावलायची कुणाची छाती नव्हती. भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मान खाली.

“ताई, बैल इकायचा का?”

मी त्याला तसंच उभं ठेवलं. मला विचार करायचा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला उभं ठेवायचंही होतं.

विचार काय करायचा होता? बैल भरात होता. ह्या वयात जो भाव येतो तो पुढच्या हंगामात येईलच असं नाही. एखाद्या घाटात खूर दुखावला, की चार आण्यांचे चार पैसे होतात. दोन वाटेकरी खुराक भरत नव्हते. असा व्यवहार बाजारातल्या कुणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी एका मिनिटात ‘विका’ म्हणाले असते. मला आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मी रात्रभर रडले असते आणि सकाळी हो म्हणाले असते. एक फोन करायचा होता फक्त! हे लक्षात आलं आणि माझा राग दुप्पट झाला. मी अडवेन अशी त्यांना भीती नव्हती. मला विचारायचं असतं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मी आबांना विचारलं, “पानी कुटं हाये तुमच्याकडं? पवायला न्हेनार का?”

“नदी हाये. रोज न्हेतो.”

“खारकेच्या बिया काडून घालायच्या. त्याला दात लागत्यात.”

“व्हय, मालकीन.”

“कुठल्या घाटाला धरनार ते मला फोन करून सांगायचं. भावाला न्हाई, मला.”

आबांनी माझा नंबर त्यांच्या माणसाकडून फोनमध्ये घालून घेतला.

मग मी म्हणाले, “दिला.”

ओवाळताना मी रागाने बोट एवढं जोरात ओढलं, की कुंकू त्याच्या कपाळावरून नाकापर्यंत आलं. त्याने पोळी खाल्ली, ताट चाटलं, माझा हात चाटला. आबांच्या माणसांनी नवीन दावं बांधलं आणि भावाने जुनं सोडलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, गोठ्याची बरकत त्यात असते. भाऊ ते गुंडाळून खुंटीला अडकवायला निघाला. मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

“ताई, ते गोठ्यातच ऱ्हातं.”

“आता माज्याकडं ऱ्हाईल,” म्हणाले, आणि खारकेच्या पिशवीत घातलं. जीपमध्ये शेजारची बाई पिशवीतल्या वासाने तोंड फिरवून बसली. मी पवनानगर ते कामशेत रडले.

नवरा जागा होता. म्हणाला, “पैसे आले बघितलेस? मला वाटलं तुला माहीत असेल.” मी तिथल्या तिथे, त्याच्याच मोबाइलवरून, सगळी रक्कम माझ्या खात्यावर घ्यायला लावली. त्याने ती मुकाट्याने पाठवली. नंतर जरा वेळाने म्हणाला, “म्हणजे आता घाटावर आपलं नाव नाही येणार?” त्या दिवशी आमच्याकडे टीव्ही लागला नाही.

पैशाचं म्हणाल तर मी ते अर्धे मुलीच्या नावाने ठेवीत टाकले, अर्धे तसेच ठेवलेत. आबांचा फोन न चुकता येतो. मी जाते. बैल आता त्यांच्या नावाने पळतो आणि मी दोरीजवळ उभी राहून पूर्वीसारखीच ओरडते, कारण त्यासाठी वाटा लागत नाही. तो गुलालात न्हाऊन परत येताना मी हाक मारते. कधी मान वळवतो, कधी नाही.

ह्या दिवाळीनंतर भाऊ बेगडेवाडीला आला. एरवी बोलावूनही येत नाही, जिने चढायला लागतात म्हणतो. हातात फळांची पिशवी, माझ्यासाठी साडी, सासूबाईंना नमस्कार. मी चहा ठेवला आणि वाट बघत बसले.

“ताई, एक खोंड बघितलंय. त्याच्यापेक्षा सवाई. दिष्ट लागंल असं.” मग खालच्या आवाजात, “ते दावं पायजे व्हतं. नंबरात पळाल्याल्या बैलाचं दावं हाये, पैल्या दिशी त्येच बांदायचं म्हनतोय. बाकीचं दोगं बी म्हनाले, ताईला सांग, पुन्यांदा चार आनं घाल.”

दावं माझ्या कपाटात होतं, साड्यांच्या खाली. मी ते काढून आणलं आणि दोघांच्या मधे टीपॉयवर ठेवलं. त्याने हात पुढे केला. मी वर हात ठेवला.

“चार आनं न्हाई. बारा आनं मी घालते. पैसं हायेत माज्याकडं, तुमीच दिल्यात. उरलेल्या चार आन्यात तुमी तिघं बसा.”

तो हसला. नवराही हसला. मी हसत नव्हते, म्हणून हळूहळू दोघं थांबले.

“ताई, बारा आनं म्हंजे... मंग पुकारायचं कसं?”

“माजं नाव घ्यायचं,” मी म्हणाले. “आन मित्रपरिवार.”

तो चहा न पिताच गेला. दावं अजून टीपॉयवर आहे.